मागचा भाडेकरार नसला तरी

नमस्कार श्रोतेहो.

डोंबिवलीत या, मुलुंडला जा, नाहीतर पुण्यात कोथरूडला. पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून नव्या बांधणं सगळीकडे सुरू आहे. तोवर बिल्डर भाडं देतो आणि आयुष्यभर स्वतःच्या घरात राहिलेली माणसं उतारवयात पहिल्यांदा भाड्याची जागा शोधायला निघतात. मालक विचारतो, ‘याआधी कुठे भाड्याने होतात? मागचा करार आहे का?’ तो असणार कुठून? कंपनीच्या क्वार्टरमधून निवृत्त झालेल्यांची, परदेशातून परतलेल्यांची, वसतिगृहातून नोकरीला लागलेल्या मुलामुलींची अडचण हीच.

मी भाडेकरारांची नोंदणी करून देण्याचं काम करते. मागचा करार मागणाऱ्या मालकाच्या मनात दोनच शंका असतात. भाडं वेळेवर येईल का, आणि मुदत संपल्यावर घर रिकामं होईल का. पुन्हा सांगते, भाडं वेळेवर आणि घर वेळेवर. या दोन शंका फिटतील असे कागद बहुतेक घरांत असतात. ते बाहेर काढायचं कोणाला सुचत नाही, एवढंच.

डोंबिवलीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळी आळी त्यांना बाईच म्हणते. वय चौऱ्याहत्तर, यजमान गेलेले, मुलगी नाशिकला. १९८६ साली घेतलेलं घर पुनर्विकासात गेलं. दोन जागा पसंत पडल्या आणि दोन्ही हातच्या गेल्या. एकट्या, वयस्कर, मागचा करार नाही, अशी कारणं एजंटने सांगितली. एका ठिकाणी तर ‘तुमच्याकडे मासे होतात का’ असंही विचारलं. हे विचारणं मला मुळीच पटत नाही. भाडं देणाऱ्याच्या ताटात काय आहे, त्याची जात कोणती, याच्याशी भाड्याचा काहीही संबंध नाही.

तिसऱ्या जागेचा मालक बेंगळुरूला नोकरीला. व्यवहार त्याचे वडील बघत होते. बाई मला म्हणाल्या, ‘तूही चल.’ म्हणून मी गेले. बाईंच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत फाईल. करार आहे का, असं त्या गृहस्थांनी विचारलंच. बाईंनी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. ‘करार नाही. लग्नानंतर सासरी राहिले, मग स्वतःच्या घरात. पण हे बघा.’

फाईलमध्ये सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या होत्या. साल लावून, छिद्रं पाडून, लेस ओवून ठेवलेल्या. प्रत्येकीवर खजिनदाराची सही आणि सोसायटीचा निळा शिक्का. गृहस्थ नुसतीच पानं उलटत होते. एका पावतीपाशी थांबले. ऑगस्ट २००५ ची पावती. कागदाला पाण्याचा डाग, शाई पसरलेली. २६ जुलैच्या पुरानंतरचा महिना. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘बाई, तेव्हा मी आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. त्या महिन्यात निम्म्या लोकांनी पैसे दिले नव्हते. मीही मागितले नाहीत.’ बाई म्हणाल्या, ‘आमच्या पंपात पाणी गेलं होतं. दुरुस्तीला पैसे कुठून आणणार होते आमचे खजिनदार?’

पहिली शंका तिथेच फिटली. तरी बाईंनी पेन्शनचं पासबुक उघडलं. दरमहा जमा होणारी रक्कम, आणि बिल्डरकडून येणारं भाडं वेगळं. सोसायटीच्या सचिवांचं पत्रही होतं. इतकी वर्षं सभासद, थकबाकी नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही.

जाता जाता सांगते, पासबुक छापून घेत जा. फोनमध्ये सगळं दिसतं हे खरं, पण समोरच्याच्या हातात देता येईल असा कागद लागतोच. आणि मोबाईलवरून पैसे पाठवलेत तर शेरा लिहा: मेंटेनन्स, मे महिना. नुसत्या आकड्यांवरून वर्षभराने तुम्हालाही काही कळणार नाही.

मग दुसरी शंका. गृहस्थ म्हणाले, ‘घर सोडाल ना वेळेवर? बिल्डर लोक लांबवतात हो.’ बाईंनी बिल्डरबरोबरचा नोंदणीकृत करार दाखवला. ताब्याची मुदत आणि मुदत टळली तरी भाडं सुरू ठेवण्याचं कलम, दोन्हींखाली पेन्सिलीने रेघ. म्हणाल्या, ‘लांबलंच तर दोन महिने आधी लेखी कळवीन. तुम्हाला घर हवं असेल तर मी सोडीन. बदलापूरला भाचा आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय.’ गृहस्थांनी मुलाला फोन लावला आणि आमच्यासमोरच सांगितलं, ‘घर बाईंना द्यायचं.’

नोंदणीच्या दिवशी मशीन घेऊन घरी गेले, तर बाईंच्या अंगठ्याचा ठसाच उमटेना. वयाबरोबर बोटांच्या रेषा पुसट होतात. कोमट पाण्याने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट लावलं, तेव्हा कुठे जमलं. घरात वयस्कर माणसं असतील तर आधार केंद्रात जाऊन त्यांचे ठसे आधीच नव्याने नोंदवून घ्या.

आता थोडं कायद्याचं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. पुन्हा सांगते, अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी लागतेच. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि दुप्पट भाडं वसूल करू शकतो. मालकाचं संरक्षण या नोंदणीत आहे, हे घासाघीस सुरू होण्याआधीच त्याला सांगा.

खर्चही फार नाही. महिना पंचवीस हजार भाडं, एक लाख अनामत, एक वर्षाचा करार धरू. वर्षाचं भाडं ३ लाख, अनामतीवर दहा टक्क्यांनी व्याज धरून १० हजार. त्या ३ लाख १० हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ७७५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

नोकरीला नव्याने लागलेल्यांनी नेमणूकपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि आईवडिलांपैकी एकाचं हमीपत्र जोडावं. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असेल तर क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही ठेवावा. मालक अडलाच तर एखाद्या महिन्याची जादा अनामत कबूल करा, पण ती बँकेतूनच द्या आणि करारात लिहून घ्या. वर्षाचं भाडं रोख आगाऊ मागणाऱ्याला मात्र नाही म्हणा.

आणि बिल्डरशी बोलणी चालू असलेल्यांना आणखी एक विनंती. नव्या नकाशात गॅलरी मागून घ्या. गॅलरी गिळून खोल्या मोठ्या करण्याची पद्धत वाईट आहे. कपडे वाळत घालायचे कुठे, तुळस ठेवायची कुठे?

भाड्याचं घर सोडाल तेव्हा मालकाकडून चार ओळींचं पत्र घ्या. भाडं वेळेवर मिळालं, घर सुस्थितीत परत मिळालं, अनामत परत केली. खाली तारीख आणि सही. पुढच्या मालकाने करार मागितला तर कराराबरोबर हेही दाखवता येईल. सोसायटीच्या पावत्या शोधायला मात्र आजच लागा. घर रिकामं करण्याच्या गडबडीत पहिल्यांदा रद्दीत जातात त्या त्याच.

नमस्कार.