‘बघतो’ लिहिलेल्या कुकीज: ऑफिसच्या पॉटलकसाठी, रेषा न बिघडवता

नमस्कार! ऑफिसच्या पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकाने काहीतरी करून आणायच्या जेवणासाठी, आज गमतीच्या कुकीज करूया. पिवळ्या चिकटचिठ्ठीसारखी चौकोनी कुकी, वर ‘बघतो’ किंवा ‘पाच मिनिटं’. सोबत थोड्या बॅटरीच्या कुकीज, तळाला लाल रंगाची बारीक पट्टी, म्हणजे चार्जिंग संपत आलंय. विनोद सगळ्यांच्या रोजच्या कामावरचा असू द्या, एका माणसावरचा नको. आणि तो एका नजरेत वाचता आला पाहिजे. म्हणून कडा सरळ हव्यात आणि अक्षर सुटसुटीत. पुढची सगळी मेहनत त्यासाठीच आहे.

पीठ. लोणी 225 ग्रॅम, पिठीसाखर 130 ग्रॅम, एक अंडं, व्हॅनिला एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, मैदा 360 ग्रॅम. अंडं नको असेल तर तीन मोठे चमचे दूध. बेकिंग पावडर अजिबात घालायची नाही, तिने कुकी फुगते आणि चौकोनाचे कोपरे गोल होतात. लोणी बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण चकाकू नये. साखरेबरोबर एकच मिनिट फेटा. जास्त फेटलं की हवा भरते आणि ओव्हनमध्ये कुकी पसरते.

पीठ दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लगेच 6 मिलिमीटर जाड लाटा आणि लाटलेलं तसंच तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गोळा गार करून मग लाटायला गेलात तर कडेने भेगा जातात. साच्याची गरज नाही. पट्टी आणि सुरीने 6 सेंटिमीटरचे चौकोन कापा, साधारण 28 होतात. कापलेले तुकडे दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, मग थेट 175 अंशांवर 10 ते 12 मिनिटं. मध्येच ट्रे फिरवा. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की काढा. दुसरा घाणा गरम ट्रेवर लावू नका, लोणी भाजायच्या आधीच वितळतं.

आता आयसिंग, बहुतेक कुकीज बिघडतात त्या इथेच. आयसिंग शुगर 450 ग्रॅम, चाळूनच घ्या, नाहीतर आयसिंगच्या पिशवीचं टोक, म्हणजे नोझल, तुंबतं. मेरिंग पावडर तीन मोठे चमचे, पाणी 75 मिलिलिटरपासून सुरू करा. भांड्याला तुपाचा हात लागलेला नको, स्निग्धतेने आयसिंग नीट फुलत नाही. रंग जेलचा घ्या, पाण्याच्या रंगाने आयसिंग पातळ होतं.

पातळपणा असा तपासा: आयसिंगमधून सुरी ओढा आणि मोजा. रेघ 10 ते 12 सेकंदांत मिटली तर पाया, म्हणजे कुकीवरचा पहिला सपाट थर, भरायला योग्य. पाच सेकंदांतच मिटली तर ते कडेवरून ओघळणार आणि वाळताना मध्ये खड्डा पडणार, थोडी साखर वाढवा. वीस सेकंदांनंतरही दिसत असेल तर पाणी घाला, पण थेंबाथेंबाने.

पाया भरला की टाचणीने बुडबुडे फोडा आणि पंख्यासमोर ठेवा. वारा लागला की वरची साय लवकर धरते, चमक येते. फ्रिजमध्ये वाळवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि डाग पडतात. निदान आठ तास थांबा, हवा दमट असेल तर जास्त. ओलसर पायावर लाल पट्टी काढलीत तर रंग पसरणार.

लिहिण्यासाठी आयसिंग घट्ट हवं, नोझल 1 नंबरचं. आधी शिरोरेघ काढा, मग अक्षरं तिला टांगत जा. रेषा तिरकी होत नाही आणि किती अक्षरं मावतील याचा अंदाजही येतो. ‘बघतो’मधला ‘ब’ नीट बघा: पोटातली तिरकी रेघ बारीक असते, आयसिंग पातळ असेल तर पोट भरून जातं आणि ब आहे की व, कळत नाही. म्हणून पोट थोडं मोठं काढा. ‘सुट्टी’सारखी जोडाक्षरं इतक्या जागेत गुठळी होऊन बसतात, साधे शब्दच निवडा. हात स्थिर नसेल तर पाया पूर्ण वाळल्यावर खाण्याच्या रंगाच्या पेनने लिहा, छानच दिसतं.

पॉटलक शुक्रवारी असेल तर बुधवारी संध्याकाळी भाजा आणि रात्री पाया भरा, गुरुवारी संध्याकाळी लिहा, रात्रभर वाळू द्या. डब्यात दोन थरांमध्ये बटर पेपर घाला.

ट्रेजवळ चिठ्ठी ठेवा: मैदा, दूध, अंडं. पिठात अंडं घातलं नसलं तरीही ‘अंडं’ लिहायचंच, कारण मेरिंग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. पूर्ण बिनअंड्याच्या हव्या असतील तर आयसिंग शुगरमध्ये थोडं दूध आणि कॉर्न सिरप घालून वरचा थर करा. तो मऊ राहतो, म्हणून त्या कुकीज एकावर एक न रचता एकाच थरात न्या.