फळी सांगते ते लिही

नमस्कार श्रोतेहो. येत्या रविवारी आपल्याकडे, म्हणजे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या पट्ट्यात, मोठं हिमवादळ येण्याची चिन्हं आहेत हे तुमच्या कानावर आलंच असेल. ज्यांना हवामानाचं वेड आहे, ती मंडळी बुधवारपासून नीट झोपलेली नाहीत. युरोपियन मॉडेल, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज मांडणारी युरोपची पद्धत, तिचं रात्रीचं गणित आपल्या घड्याळात एकच्या सुमाराला यायला लागतं, आणि ते बघितल्याशिवाय दिवा मालवायचा नाही असा आमचा शिरस्ता.

या वादळांना नॉरईस्टर म्हणतात, कारण किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो. उत्तरेला कॅनडावर थंड, जड हवा ठाण मांडून बसलेली असते. दक्षिणेला समुद्रात गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहाचं कोमट पाणी. त्या दोन्हींच्या सांध्यावर, बऱ्याचदा कॅरोलिनाच्या किनाऱ्यापाशी, कमी दाबाचं केंद्र तयार होतं आणि किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकतं. केंद्र किनाऱ्याला फार चिकटलं, तर समुद्रावरची उबदार हवा आत शिरते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार लांबून गेलं, तर सगळा बर्फ समुद्रात. म्हणून आमच्यातला जो तो नकाशावर एकच जागा बघतो, ४० उत्तर अक्षांश आणि ७० पश्चिम रेखांश. नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला, भर समुद्रात. केंद्र तिथून गेलं, की ईशान्येकडच्या किनारी शहरांना भरपूर बर्फ मिळण्याची आशा धरायची.

आणि यात सगळा खेळ पन्नास मैलांचा. पुन्हा सांगतो, पन्नास मैलांचा. नकाशावर बोटाचं पेरभर अंतर, पण त्याच्या एका बाजूला दारं उघडत नाहीत आणि दुसऱ्या बाजूला मुलं शाळेत जातात. फोनवरचं ते ॲप तुम्हाला ‘१४ इंच’ असा एकच आकडा दाखवतं ना, त्याचा मला मनापासून राग आहे. युरोपियन हवामान केंद्र एकाच वेळी थोड्याथोड्या फरकाने एक्कावन्न गणितं मांडतं, आणि त्या एक्कावन्नांत कुठे चार इंच असतात, कुठे चोवीस. लोकांना तो सगळा पल्ला सांगा. लोकांना कळतं.

आता तुम्हाला २६ जानेवारी २०१५ची गोष्ट सांगतो. सोमवार होता. न्यूयॉर्क शहरासाठी सरकारी अंदाज होता २० ते ३० इंचांचा. युरोपियन मॉडेल ठामपणे मोठा आकडा दाखवत होतं, आणि २०१२मध्ये सँडी वादळाचं वळण त्याने आधी ओळखलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा कल तिकडे. अमेरिकन मॉडेल मात्र म्हणत होतं, वादळ थोडं पूर्वेकडून जाईल. रात्री अकराला न्यूयॉर्कची सबवे बंद केली. ती १९०४ साली सुरू झाल्यापासून बर्फासाठी पहिल्यांदाच. रस्त्यांवर गाड्या काढायला बंदी.

मी तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ राहत होतो. शेजारी एक निवृत्त सुतार आजोबा. सत्तरी ओलांडलेली, बोलणं मोजकं. बर्फ कसा मोजायचा ते मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांनी मला प्लायवुडची फळी कापून दिली होती, सोळा इंच बाय चोवीस इंच, वर पांढरा रंग. पांढराच का, तर गडद फळी उन्हाने तापते आणि खालून बर्फ वितळतो. फळीच्या कडेला एक काठी रोवायची, म्हणजे बर्फाखाली गेली तरी सापडते. फळी भिंतीपासून, झाडापासून, कुंपणापासून लांब ठेवायची. मोजून झालं की फळी पुसून परत वर ठेवायची, पण सहा तासांच्या आत पुसायची नाही. हे लक्षात ठेवा, सहा तासांच्या आत पुसायची नाही. पुढे कामाला येईल.

संध्याकाळी सातला आम्ही पहिली मोजणी केली. २.४ इंच. मला वाटलं, सुरुवात आहे, खरा मारा रात्री. साडेबाराला मला झोप येईना म्हणून मी बाहेर आलो, तर ते आधीच रस्त्याच्या दिव्याखाली उभे. डोक्यावर लोकरी टोपी, आणि काळ्या कोटाची बाही पुढे धरलेली. मला जवळ बोलावलं आणि बाहीवर विजेरी धरली. म्हणाले, “बघ, यांना हात नाहीत.”

खरंच नव्हते. बाहीवर पडत होते ते पिठासारखे बारीक, तुटके कण. जोरदार हिमवृष्टीत उणे पंधरा अंशांच्या आसपासच्या ढगात हवा वेगाने वर उचलली जाते, आणि तिथे सहा हातांचे, फांद्या फुटलेले मोठे स्फटिक वाढतात. ते एकमेकांत अडकून मऊ, जाडजूड पडतात. आमच्या बाहीवर तसला एकही नव्हता. म्हणजे आमच्या डोक्यावर ती उचल नव्हती. ती पूर्वेला होती, लाँग आयलंडवर. आम्ही वादळाच्या काठावर होतो. रडार मी घरात जाऊन नंतर बघितलं. त्यांनी कोटाच्या बाहीवरून आधीच सांगितलं होतं.

एक वाजता मोजलं. १.९ इंच. त्याच रात्री सरकारी हवामान सेवेतल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली. तुम्ही आमच्यावर विसंबून अवघड निर्णय घेतलेत आणि आमचं चुकलं, असा त्याचा आशय. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भला माणूस आहे.” मलाही तेच वाटतं. चूक कबूल करणाऱ्या अंदाजकारावर पुढच्या वेळी जास्त विश्वास ठेवावा, कमी नाही. ज्यांनी त्या सकाळी त्यांना शिव्या दिल्या, त्यांनी कधी पाच दिवस आधी काही सांगून बघितलं होतं का?

सकाळी सातला शेवटची मोजणी. १.५ इंच. तिन्ही मिळून ५.८. चार दिवस जागून काढले होते हो मी, आणि ५.८! आमच्या मागच्या कुंपणापाशी वाऱ्याने ढीग लावला होता. तिथे पट्टी खुपसली तर नऊ भरत होते. मी म्हटलं, नऊ लिहू या का, निदान सात? त्यांनी वही माझ्यापुढे धरली, पेन्सिल हातात दिली आणि म्हणाले, “फळी सांगते ते लिही.”

ती वही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट चाळली. मार्च २००१चं पान होतं. त्या वादळाचाही मोठा गाजावाजा झाला होता आणि न्यूयॉर्कच्या बाजूला ते फसलं होतं. त्या पानावर त्यांनी कसलाही शेरा मारला नव्हता, फक्त तारीख, वेळ आणि फळीवरचा आकडा. जानेवारी १९९६च्या प्रचंड वादळाचं पानही तसंच, तेवढ्याच अक्षरात. आणि सगळं पेन्सिलने. शाई ओल्या बोटांनी पसरते, फोन थंडीत मान टाकतो. वही पेन्सिलनेच लिहावी हे माझं ठाम मत आहे.

२०१५च्या त्या वादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच पडले. तिथून गाडीने तीन-साडेतीन तासांवरच्या वुस्टरमध्ये, मॅसॅच्युसेट्समध्ये, ३४.५ इंच. म्हणजे वादळ आलं होतं, श्रोतेहो. अंदाजात होतं तेवढंच मोठं आलं होतं. फक्त थोडं पूर्वेकडून गेलं. तेच ते पन्नास मैल.

वेळ थोडा उरलाय, म्हणून ब्लिझर्डबद्दल एकच वाक्य. किती इंच बर्फ पडला यावर ब्लिझर्ड ठरत नाही. ताशी ३५ मैलांचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, आणि पाव मैलापलीकडचं दिसेनासं होणं, हे तीन तास टिकलं पाहिजे.

आणि ती सहा तासांची गोष्ट राहिली. पुढच्याच वर्षी, २३ जानेवारी २०१६ला, आपल्याला पोटभर बर्फ मिळाला. सेंट्रल पार्कचा आकडा आधी २६.८ जाहीर झाला, २००६च्या विक्रमापेक्षा फक्त एक दशांशाने कमी. नंतर नोंदी तपासल्यावर तो २७.५ केला आणि विक्रम झाला. त्याच वादळात जवळच्या एका विमानतळावरचा २८.१चा आकडा मात्र रद्द झाला, कारण तिथे दर तासाला मोजून फळी पुसली जात होती. ताजा बर्फ फुगलेला असतो, स्वतःच्या वजनाने हळूहळू बसतो. दर तासाला पुसलंत तर तो बसणारच नाही, आणि बेरीज फुगेल. आजोबांनी आणि मी त्या शनिवारी पाळ्या लावल्या होत्या. मध्यरात्री एकला ते काठी धरून फळी शोधत होते, आणि बाहीवर पडणाऱ्या प्रत्येक स्फटिकाला सहा हात होते.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी फळी अंगणात ठेवा, शेजारी काठी रोवा. आपली पहिली मोजणी रविवारी सकाळी सातला. पुढची दुपारी एकला. नमस्कार.