पंखावरचा डोळा

श्रोतेहो, नमस्कार.

फुलपाखराला हात लागला की बोटांना बारीक भुकटी चिकटते. ते पंखावरचे खवले. एकेक खवला एकेका पेशीने घडवलेला आणि बहुधा एकाच रंगाचा. मग जनुकं सारखीच असताना एका पेशीने काळं व्हायचं आणि तिच्या शेजारणीने पिवळं, हे ठरतं कसं?

ते बरंचसं कोषात ठरतं. जीवशास्त्रज्ञ फ्रेड नायहाउट यांनी 1980 साली 'बकाय' नावाच्या फुलपाखराच्या नुकत्याच झालेल्या कोषांवर प्रयोग केले. पंखावर जिथे डोळ्यासारखा ठिपका उमटायचा असतो, तिथल्या मधोमधच्या पेशी त्यांनी डागून मारल्या. ठिपका उमटला नाही. त्याच पेशी न मारता काढून पंखात दुसरीकडे बसवल्या, तर तिथे नवा ठिपका आला! म्हणजे मधल्या पेशी भोवताली निरोप धाडतात आणि बाकीच्या आपण केंद्रापासून किती दूर आहोत त्यावरून रंग धरतात. म्हणून ती गोल गोल कडी.

पुढे 1994 मध्ये शॉन कॅरल आणि सहकाऱ्यांना या केंद्रात 'डिस्टल-लेस' हे जनुक काम करताना दिसलं. कीटकांचे पाय घडतात ते याच जनुकाच्या मदतीने. पायाचं जनुक पंखावर नक्षी काढतंय, हे मला आजही विलक्षण वाटतं. पण यातच उत्क्रांतीची रीत दिसते. जनुक केव्हा आणि कुठे चालू व्हायचं, हे डीएनएचे वेगळे तुकडे ठरवतात. त्यातला पंखापुरता तुकडा बदलला, तर नक्षी बदलते आणि पायांना धक्का लागत नाही. अमेरिका खंडातल्या हेलिकोनियस फुलपाखरांचे लाल पट्टे असेच 'ऑप्टिक्स' जनुकाच्या आसपासच्या बदलांतून जातीजातीत निराळे झाले. 2017 मध्ये हे जनुक निकामी करून पाहिलं, तेव्हा त्यांचा लाल रंग जाऊन काळा आला. बकायच्या पंखांवर तर निळी झळाळी चढली.

आणि जनुकं तीच राहूनही रूप पालटतं. आफ्रिकेतल्या बायसायक्लस फुलपाखराचा सुरवंट उबेत वाढला, तर संप्रेरकांमार्फत ती खबर पंखापर्यंत पोचते आणि ठिपके ठळक होतात. पावसाळ्यातल्या पिढीचे ते डोळे शिकाऱ्याची झडप अंगाऐवजी पंखाच्या कडेवर ओढून घेतात. गारव्यात वाढलेल्या कोरड्या ऋतूतल्या पिढीचे ठिपके मात्र बारीक असतात, वाळक्या पानांत मिसळून बसण्याजोगे.