फणस परका ठरतो तेव्हा

मंडळी, 'देशी झाडांचं वन: उभारणी आणि निगा' हा आजचा विषय. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरातल्या तिजुका या डोंगरावरच्या जंगलाची गोष्ट सांगायची आहे. काहींनी ती ऐकली असेल, तरी पुन्हा ऐका. माझं सगळं म्हणणं त्या एका डोंगरावर सापडतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथलं जंगल तोडून कॉफीचे मळे झाले. काही दशकांतच माती वाहून गेली, ओढे रोडावले आणि खाली शहरात पाण्याची बोंब झाली. सरकारनं मळ्यांच्या जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि 1861 साली, सम्राट दुसरे पेद्रो यांच्या काळात, तिथे पुन्हा वन उभं करण्याचा हुकूम निघाला. काम मेजर आर्चर यांच्याकडे आलं. त्यांच्या हाताखाली सुरुवातीला मूठभर माणसं होती, तीही गुलाम म्हणून राबवलेली. एलेउतेरियो, कोन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लिओपोल्दो आणि मारिया. नावं मी मुद्दाम घेतो. वनाच्या इतिहासात साहेबाचं नाव ठळक राहतं आणि कुदळ चालवणारे नोंदवहीत राहतात, याचा मला फार राग आहे.

1874 पर्यंत आर्चर यांनी हजारो रोपं लावून घेतली, बहुतेक तिथल्याच जातींची. बरीचशी आसपास उरलेल्या जंगलातून काढून आणलेली. पण तेवढ्यानं डोंगर भरला नाही. शेजारी जुन्या जंगलाचे तुकडे शिल्लक होते. तिथून वाऱ्यानं, पाखरांनी, वटवाघळांनी बी आणलं आणि सोडलेल्या मळ्यांवर झाडं आपापली उगवली. तिजुकाला 'माणसानं लावलेलं जंगल' म्हणतात ते अर्धंच खरं आहे. माणसानं कॉफी थांबवली, कुऱ्हाड थांबवली, हेही तितकंच मोठं काम होतं.

आता फणसाकडे या. आपला फणस, पश्चिम घाटाचा. पोर्तुगीजांच्या काळात तो ब्राझीलमध्ये गेला आणि आज तिजुकात तो उपद्रवी परका वृक्ष मानला जातो! एका फळात किती आठळ्या असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या झाडाखालीच दाटीनं रुजतात आणि तिथल्या रोपांना जागा उरत नाही. म्हणून तिथे फणसाच्या खोडाची साल गोलाकार काढून तो वाळवतात. ऐकून जीव हळहळतो ना? माझाही हळहळतो. पण देशीपणा झाडाच्या अंगात नसतो, झाड आणि जागा यांच्या नात्यात असतो. आपण ऑस्ट्रेलियातून आलेल्या निलगिरीबद्दल बोलतो, तेच तिथले लोक फणसाबद्दल बोलतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

गोष्ट इथेही संपत नाही. झाडं आली, पण मोठ्या बिया पुरून ठेवणारा अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी त्या जंगलातून नाहीसा झाला होता. 2010 पासून तो तिथे पुन्हा सोडला, 2015 मध्ये हाउलर माकडं सोडली. म्हणजे आर्चरनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनीही वन उभारणं चालूच आहे.

चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटं उरली आहेत. आता भराभर सांगतो.

जागा आधी वाचा. तोडलेल्या खुंटांना फुटवे येत असतील, मातीत बी असेल, जवळ जुनं रान असेल, तर चराई आणि वणवा आवरा आणि थांबा. खड्डे खणून तेच फुटवे तुडवू नका. आणि मुळात जे गवताळ माळरान आहे, तिथे झाडं लावू नका. ती ओसाड जमीन नसते, गवताची, कीटकांची, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची ती जागा असते. यावर माझं भांडण कायम राहील.

लावावंच लागलं तर बी जवळच्या रानातलं घ्या, एकाच सोयीच्या झाडाखालचं नको, अनेक झाडांचं. जांभळासारखं बी वाळवून साठवता येत नाही, गोळा केलं की लगेच पेरावं लागतं. उन्हात झपाट्यानं वाढणारी झाडं आधी येऊ द्या, त्यांच्या सावलीत संथ वाढणारी. वड-उंबर वर्गातली झाडं हवीतच, त्यांच्या फळांवर येणारे पक्षी पुढची लागवड फुकट करतात. पहिली दोन-तीन वर्षं रोपाभोवतीचं गवत काढा. पाहुण्यांच्या हस्ते किती रोपं लागली हा आकडा मला सांगू नका, पाचव्या वर्षी किती जगली ते सांगा.

पुढे विरळणी. दाट रोपवनात उजेड खाली पोचत नाही आणि तळाशी काहीच रुजत नाही, म्हणून काही झाडं काढावी लागतात. देशी झाडही काढावं लागतं, मन घट्ट करून. आणि वाळलेलं झाड पायवाटेवर पडायचा धोका नसेल तर उभं राहू द्या. सुतारपक्षी त्यात ढोली करतो, मग त्या ढोलीत पोपट, पिंगळे राहायला येतात.

प्रश्न घेऊ. माळरानाबद्दल ज्यांचं मत वेगळं आहे, त्यांनी आधी विचारा.