चोक न होणारा डिझेल फिल्टर

जालन्यातून सळई भरून गाडी सोलापूरकडं निघाली की अंबड, शहागड, गेवराई, बीड इथपर्यंत रस्ता तसा सोपा, फिल्टर चांगला का वाईट हे कुणाच्या ध्यानातबी येत नाही. ध्यानात येतं ते बीड सोडल्यावर, मांजरसुंब्याच्या घाटात. गाडी इथं बालाघाटावर चढते, इंजिन डिझेल मागतं ते इथं, आणि फिल्टर तुंबलेला असला की बरोबर इथंच मान टाकते. मागचे हॉर्न मारायलेत, क्लीनर चाकाखाली दगड लावायला पळालाय, अन् ड्रायव्हर फोनवर सांगायलाय, "मालक, गाडी ओढंना."

मग शिव्या कुणाला, तर फिल्टरला. मराठवाड्यातल्या कुठल्याबी गॅरेजच्या लाईनीत जाऊन उभं राहा, जालन्यात, बीड बायपासला, लातूरच्या रिंगरोडला, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "कंपनीचा फिल्टर लवकर चोक होतो, लोकलचा बघा कसा चालतो, पिकअप टाईट." ऐकायला पटतं पण. स्वस्तबी आणि टिकतोबी, मग अजून काय पाहिजे?

सगळा घोळ या एका वाक्यात आहे. कारण चोक होणं हेच तर फिल्टरचं काम आहे राव. कचरा आत अडकला म्हणून तो तुंबला. ज्याच्यातून सगळंच पार होतं तो तुंबेल कशाला?

आता "सगळंच पार होतं" म्हणजे नेमकं काय, ते बघू. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, 40 च्या खालचा कण डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आत जे भाग एकमेकांवर सरकतात त्यांच्यातली फट असते 2-3 मायक्रॉनची. म्हणजे इंजेक्टरला मारणारी माती तुम्हाला कधी दिसणारच नाही, बाटलीत काढलेलं डिझेल उन्हात धरून "एकदम क्लीन आहे" म्हणायला काही अर्थ नाही.

पूर्वी एवढं टेन्शन नव्हतं. जुन्या गाड्यांना दोन वाट्यांचा फिल्टर, एकीत कपडा अन् दुसरीत कागद, पंप मेकॅनिकल, थोडीफार माती पचवायचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा नवा नियम आला, आणि या नव्या गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरला डिझेल देणारी एकच जाड नळी, तिच्यात डिझेलचं प्रेशर 1600 ते 2000 बारपर्यंत जातं. अंदाज यावा म्हणून सांगतो, ट्रकच्या टायरात हवा असते साधारण 8 बार. एवढ्या जोरानं बारीक माती इंजेक्टरच्या टोकाच्या नोझलमधून गेली की ती पॉलिश पेपरसारखी घासत जाते, भोकं मोठी होतात, मग डिझेल फवारायच्या ऐवजी गळायला लागतं, धूर वाढतो, ॲव्हरेज पडतं, आणि हे सगळं इतकं सावकाश होतं की सहा महिन्यापूर्वी टाकलेल्या फिल्टरवर कुणाला संशय येत नाही. इंजेक्टरवाला म्हणतो डिझेलच खराब, पंपवाला म्हणतो आमचं डिझेल चांगलं, मालक मधल्यामधी बिल भरतो. एकेका इंजेक्टरची किंमत पाच आकडी, आणि सहा सिलेंडरच्या गाडीत ते सहा.

जालन्याच्या एका मिस्त्रींनी आमच्यासाठी दोन फिल्टर लेथवर कापले, दोन्ही एकाच गाडीला बसणारे. हेक्सा ब्लेडनं का नाही कापले विचारलं तर म्हणाले, "लोखंडाचा बुरा आत पडतो ना, मग कचरा फिल्टरचा का आपला हे कसं कळणार?" बरोबर आहे.

वरून दोन्ही सारखे. तोच रंग, तोच डबा, छपाईसुद्धा जवळपास तीच. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्याच्या कागदाच्या घड्या एकसारख्या, दाट, प्रत्येक घडीत बारीक उठाव दिलेले, म्हणजे प्रेशर आलं तरी दोन घड्या एकमेकींना चिकटून बसणार नाहीत. दुसऱ्याच्या घड्या कमी, एका बाजूला सगळ्या गोळा झालेल्या, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी मोकळी जागा. मग मिस्त्रींनी मोबाईलचा टॉर्च लावून आतल्या नळीत सोडला. पहिल्यातून नुसता पिवळट उजेड. दुसऱ्यात, कागदाची दोन टोकं जिथं जोडलेली असतात तिथं, वरपासून खालपर्यंत उजेडाची पांढरी रेघ. डिंकच लागलेला नव्हता. डिझेलला वाट सोपी मिळाली की ते कागदातून जाईल कशाला, सगळं त्या फटीतून. हाच तो "चोक न होणारा" फिल्टर.

आता दुकानात तर कापून बघता येत नाही, मग घ्यायचा कसा?

सगळ्यात आधी पार्ट नंबर. "बीएस-6 सोळा टायरचा द्या" असं म्हणून फिल्टर घ्यायचा नसतो, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फिल्टर बदललेला असतो. जुन्या फिल्टरवरचा नाहीतर गाडीच्या पुस्तकातला नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आटे सारखे आहेत, बसतोय, म्हणून चालतोय असं नाही, बसणारे दहा असतात. आणखी एक, ट्रक कंपन्या फिल्टर स्वतः बनवत नाहीत शक्यतो, बॉश, मान, माहले, फ्लीटगार्ड असले फिल्टरवाले त्यांना बनवून देतात. म्हणून टाटा किंवा लेलँडच्या बॉक्समधलाच पाहिजे असा हट्ट नको, मूळ बनवणाऱ्याच्या नावाचा घेतला तरी चालतो, फक्त त्याच्या कॅटलॉगमध्ये आपला नंबर जुळला पाहिजे. काउंटरवरचा पोऱ्या म्हणाला म्हणून नाही.

मग मायक्रॉन. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 5 मायक्रॉन लिहिलेलं असतं आणि आपण खुश होतो. पण 5 मायक्रॉनचे किती कण अडवतो? हे विचारायला पाहिजे. अर्धे अडवणारा स्वतःला 5 मायक्रॉन म्हणवून घेतो आणि शंभरात नव्व्याण्णव अडवणारासुद्धा. कंपनीवाले याला बीटा म्हणतात. बीटा 2 म्हणजे दोनातला एक कण पार, निम्मा माल आत गेला. बीटा 75 म्हणजे पंचाहत्तरातला एक, 98.7 टक्के अडवले. बीटा 200 म्हणजे 99.5 टक्के. चांगल्या फिल्टरच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो, सोबत आयएसओ 19438 ही टेस्ट लिहिलेली असते, आणि पाणी वेगळं करायची टेस्ट म्हणजे आयएसओ 16332. हे काहीच न सांगता नुसतं "हाय क्वालिटी, सुपर पॉवर" असेल तर ज्वारीच्या चाळणीनं मैदा चाळायचा प्रकार समजा.

पाण्याचं तर वेगळंच. आपल्याकडं लोकांना वाटतं की दुष्काळी भाग, इथं कुठलं आलंय पाणी डिझेलमध्ये. पण थंडीत बघा, दिवसा ऊन अन् रात्री कडाका, टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या पत्र्याला दव धरतं आणि खाली उतरून बसतं. त्यात ऊसाचा हंगाम, गाडी फडातच उभी, डिझेल कॅनमधून, कॅन ट्रॅक्टरवर उघडा, काळ्या मातीचा फुफाटा. डिझेल हेच पंपाचं वंगण असतं, त्यात पाणी घुसलं की पंप कोरडा घासतो, गंज चढतो ते वेगळं. म्हणून बहुतेक गाड्यांना दोन फिल्टर असतात, पहिला जाड कचरा आणि पाणी धरतो, दुसरा बारीक माती. दोन्हीचं काम वेगळं, त्यामुळं एकच बदलून "झालं फिल्टरचं काम" असं होत नाही. पहिल्याच्या खाली नॉब असतो, तो उघडून पाणी काढायला दोन मिनिटं लागतात, आणि डॅशबोर्डवर पाण्याची लाईट लागायची वाट कामून बघायची?

नुसत्या साध्या कागदाचा फिल्टर पाण्यात भिजला की फुगतो, मऊ पडतो, कधीकधी घडीवर फाटतो. चांगल्या फिल्टरात कागदासोबत सिंथेटिक थर असतो, पाणी त्याच्यावर टिकत नाही, थेंब होऊन खाली पडतो.

डुप्लिकेटचं काय सांगावं. जुने बॉक्स गोळा करून त्यात माल भरणारे आहेत, त्यामुळं बॉक्सवर जाऊ नका. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष छापलेलं आहे का बघा. डब्यावरचा नंबर नखानं खरवडून बघा. गॅस्केट, म्हणजे ती रबराची रिंग, खाचेत सगळीकडून सारखं बसलंय का, आट्यांवर बुरा राहिलाय का, भोकं साफ आहेत का, प्लास्टिकच्या टोप्या आहेत का. आणि बिल मागा. बिल म्हटल्यावर ज्या दुकानदाराचा चेहरा उतरतो, तिथून पुढच्या दुकानात जा.

एक सवय मात्र आपल्याकडं फार जुनी, फिल्टर काढायचा, हवा मारायची, झटकायचा, परत लावायचा. हवेनं कागदाचे धागे उघडतात आणि अडकलेली माती उलट्या बाजूला जाते. पिकअप येतं, हे खरं. का येतं ते टॉर्चच्या रेघेवरून कळलंच असेल.

लावताना पहिलं काम, फिल्टरच्या डोक्याभोवतीची धूळ कपड्यानं पुसा, मगच जुना काढा. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलनं भरून लावायची घाई बऱ्याच जणांना असते, स्टार्टिंग पटकन यावं म्हणून, पण दुसऱ्या फिल्टरमध्ये ते डिझेल न गाळता मधल्या भोकातून सरळ रेलकडं जातं. कोरडाच लावा, गॅस्केटला चांगलं डिझेल चोपडा, हातानं आवळा, पट्ट्यानं किंवा पान्यानं जीव काढू नका, मग हँडप्रायमर, म्हणजे डिझेल चढवायचा हातपंप, मारा, हात कडक लागेस्तोवर. कॉमन रेलच्या गाडीत इंजेक्टरचे पाईप सैल करून एअर काढायची जुनी पद्धत तर अजिबात नको, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं, मग सरळ दवाखाना. डब्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर टाका, इंजिन चालू करून पाचेक मिनिटं राहू द्या, आणि पहिल्या चहाच्या टपरीवर थांबलात की गॅस्केटभोवती एकदा बोट फिरवून बघा, ओलं लागलं तर इंजिन बंद करून हातानंच थोडं अजून आवळा, तरी थांबत नसेल तर उघडून बघा, बऱ्याचदा जुनं गॅस्केट वरच चिकटून राहिलेलं असतं.