अर्थिंग, पांढरी पाच आणि मुंबईतलं विचित्र संगीत

नमस्कार मंडळी! आज अशा कार्यक्रमांबद्दल बोलूया ज्यांची जाहिरात पेपरात येत नाही, स्टेशनबाहेर ज्यांचे बॅनर लागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्यात पुष्कळदा गाणंही नसतं. प्रायोगिक संगीत म्हणा, साउंड आर्ट म्हणा, नॉइज म्हणा. म्हणजे एक जण बसलाय, पुढ्यात टेबल, टेबलावर वायरींचा गुंता, आणि टेबलफॅनच्या जाळीला माइक चिकटवून त्यातून जे काय निघेल ते तो अर्धा तास वाजवतोय. नाहीतर गॅलरीत मिट्ट अंधार, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, आणि तुम्ही मध्ये उभे. हे सगळं आपल्या मुंबईत होतं बरं का, बऱ्यापैकी होतं, फक्त ते होऊन गेल्यावर कळतं ही रड आहे.

पूर्वी निदान काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं. काउंटरवर उभं राहून नुसत्या गप्पा मारल्या तरी कुठे काय आहे ते कळायचं, ते 2016 ला बंद झालं. आता तिकिटांच्या ॲपवर म्युझिक टाकलं की स्टेडियममधले मोठे कॉन्सर्ट येतात, दांडिया येतो, मध्येच स्टँडअप येतं. आपल्याला हवं ते त्या ढिगाच्या तळाला, किंवा नसतंच.

तर आजची मुख्य गोष्ट, लिहून घ्या. हॉलच्या मागे लागू नका, माणसाच्या मागे लागा. एखादा असा कार्यक्रम कसाबसा पकडायचा, जो कलाकार आवडला त्याला इन्स्टाग्रामवर फॉलो करायचं, तो पुढे कुणाबरोबर वाजवतोय ते बघायचं, मग त्या दुसऱ्याला फॉलो करायचं. हे लोक मूठभर, सगळे एकमेकांना ओळखतात, दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे आपोआप निरोप यायला लागतात. पुन्हा सांगते, हॉल नाही, माणूस.

आता तुम्ही म्हणाल ही परदेशी फॅडं आपल्याला कशाला. अहो, 1952 मध्ये अमेरिकेत डेव्हिड ट्युडर नावाचा पियानोवादक साडेचार मिनिटं पियानोसमोर एकही सूर न वाजवता बसला, रचना होती जॉन केज ह्या अमेरिकन संगीतकाराची. आणि ह्या केजला 1946 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपलं संगीत कुणी समजावलं होतं? गीता साराभाईंनी, ज्या पखवाज वाजवायच्या. आणि तोच ट्युडर 1969 मध्ये अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेत आला आणि तिथे मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचा स्टुडिओ उभा राहिला. तिथल्या टेप कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या, 2023 मध्ये त्यांचा अल्बम निघाला. अहमदाबाद म्हणजे मुंबई सेंट्रलवरून एका रात्रीचा प्रवास, म्हणजे फार लांबचं काही नाही हे. आणि मराठी माणसाने तर प्रायोगिकला नाक मुरडूच नये, छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ज्यांनी प्रायोगिक नाटकं बघितली त्यांना हे सांगायला नको.

बरं आता मला तुम्हाला एक किस्सा सांगायचाच आहे, त्याच्यासाठीच मी हा विषय घेतलाय असं आमचे निर्माते म्हणतात, म्हणू देत.

आमच्या शेजारी काका-काकू राहतात. काका बेस्टच्या वीज खात्यातून रिटायर झालेले आणि काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात. एका शनिवारी मी अशाच एका कार्यक्रमाला निघाले होते, जुन्या गिरणीच्या एका गाळ्यात होता, तर काकू म्हणाल्या आम्हीपण येतो, गाण्याचाच आहे ना? मी म्हटलं, तसा गाण्याचाच आहे. गेलो. सगळे जमिनीवर गाद्यांवर बसलेले, काकांचे गुडघे बघून कुणीतरी एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. समोर एक पुण्याची मुलगी, तिच्यापुढे एक जुना ट्रान्सफॉर्मर, एक मिक्सर, आणि लॅमिंग्टन रोडला मिळते ती बझरमधली पितळेची चकती, तिला वायर जोडून केलेला माइक. दिवे बंद केले आणि हम्म्म्म असा आवाज सुरू झाला. वाढत गेला. बस, तेवढंच.

पाच मिनिटांनी काका माझ्या कानात म्हणाले, चेकिंग कधी संपणार? मी म्हटलं काका हाच कार्यक्रम आहे. ते गप्प बसले. पण त्यांचं डोकं चालू होतं, मला दिसत होतं. आणखी थोड्या वेळाने म्हणाले, अगं हा अर्थिंगचा हम आहे, कुणाला तरी शॉक बसेल! आणि मी हात धरायच्या आत उठले. मोबाइलची बॅटरी लावली आणि वाकून वायरीच्या मागे मागे चालायला लागले, गाद्यांवरच्या पोरांच्या मधून, हळूहळू, एक वायर, मग दुसरी वायर, आणि मला वाटलं आता आपल्याला हाकलणार. तर सगळी पोरं माना वळवून त्यांच्याकडे अशी बघतायत, श्वास रोखून! त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

काका पोचले एक्स्टेंशन बोर्डापाशी. खाली बसले, गुडघे कडकड वाजले, ते त्या चकतीच्या माइकवाल्या टेबलाजवळच, त्यांनी टेबलाचा आधार घेतला तर त्याचाही दण्णकन आवाज स्पीकरमधून आला. मग त्यांनी प्लग हलवला. हम तुटला, कर्रर्र झालं, परत आला. त्या मुलीने मान वर केली, काकांकडे बघितलं आणि, मला तिचं इतकं कौतुक वाटलं, तिने काहीतरी फिरवलं आणि तो कर्रर्र परत परत घुमायला लागला. काकांनी अजून हलवला. तिने अजून घुमवला. असं चाललं मिनिटभर, दोघं एकमेकांकडे बघतायत, काका प्लग धरून आणि ती बटण धरून, आणि शेवटी काका उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, अर्थची पिन लूज आहे, बंद करा हे आधी! आणि ते "बंद करा, बंद करा, बंद करा" स्पीकरमधून गाळाभर फिरत राहिलं. टाळ्यांचा कडकडाट!

संपल्यावर एक दाढीवाला मुलगा काकांकडे आला, एकदम आदराने, म्हणाला सर, किती वर्षं करताय हे? काका म्हणाले 38, सगळी सबस्टेशनला. तो म्हणाला, वॉव.

पण खरी गंमत काकूंची. त्या पूर्ण वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. मुलीला जाऊन म्हणाल्या, बाळ, छान होतं, पांढरी पाच लावली होतीस ना, पण जरा चढी होती. ती मुलगी बघतच राहिली. कारण पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आणि आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच येते 49 ला. म्हणजे काकूंनी नुसत्या कानाने एका हर्ट्झचा फरक पकडला. मग त्या म्हणाल्या, थोडी उतरवता येईल का? तर काकाच मध्ये, अगं ती काय पेटी आहे उतरवायला, ग्रिड आहे ते, विजेचं जाळं! 2013 च्या डिसेंबरपासून अख्ख्या देशाचं एकच, 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या मध्ये ठेवावं लागतं! म्हणजे बघा हं, काश्मीर ते कन्याकुमारी सगळे पंखे, सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात, आणि आपल्याला पत्ता नाही. मुलगी ते कागदावर लिहून घेत होती. अर्थची पिन मात्र काकांनी घट्ट करूनच गाळा सोडला, आणि मुलगी म्हणाली हम त्याचा नव्हताच हो काका, मी मुद्दाम काढला होता. काका म्हणाले, असेल, पण पिन लूज होतीच.

हां, वेळ कमी राहिलाय, निर्माते हात दाखवतायत. तर पटपट. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. महालक्ष्मीला शक्ती मिल्स लेनमध्ये जी फाइव्ह ए नावाची कार्यक्रमांची जागा आहे. एनसीपीएचं एक्सपरिमेंटल थिएटर नरिमन पॉइंटला. आणि गॅलऱ्या, कुलाबा-फोर्टच्या, तिथे आत जायला पैसे लागत नाहीत, लोक उगाच घाबरतात, सरळ दार ढकलून जायचं. साउंड आर्ट हे पुष्कळदा चित्रांच्या प्रदर्शनातच असतं, संगीताच्या यादीत नसतंच, म्हणून संगीतवाल्यांच्या ते नजरेतून सुटतं. आपल्या मुंबईच्या शिल्पा गुप्तांचं एक काम आहे, 100 माइक वरून लटकतात, पण ते ऐकत नाहीत, बोलतात, त्यांतून तुरुंगात टाकलेल्या 100 कवींच्या ओळी ऐकू येतात. 2019 ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होतं ते. जानेवारीत गॅलरी वीकेंड, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल, तेव्हा शोधायला सोपं जातं, फक्त काळा घोड्याला रविवारी जाऊ नका, तिथे नुसते सेल्फी चालू असतात.

आणि 18 जुलै, जागतिक श्रवण दिन, त्या दिवशी साउंडवॉक होतात, म्हणजे न बोलता नुसतं ऐकत चालायचं. कुणी बोलावलं नाही तरी आपापलं करता येतं, भायखळ्याच्या भाजी मार्केटमध्ये पहाटे जा.

माझ्या मते मुंबईतलं सगळ्यात भारी साउंड आर्ट आपल्या ट्रॅफिक पोलिसांनीच केलं होतं. 2020 च्या सुरुवातीला त्याचा व्हिडिओ आला होता, आठवतंय? सिग्नलला डेसिबल मीटर जोडला, हॉर्नचा आवाज 85 च्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून! ते कायमचं सगळ्या चौकांत लावायला हवं होतं, आमच्या नाक्यावर तर दोन लावा.

एक तक्रार. ह्या जागांवर महागडी कॉफी मिळते, बटाटेवडा मिळत नाही. शिवाजी मंदिरला मध्यंतरात जो वास येतो त्याशिवाय कार्यक्रमाला गेल्यासारखं वाटत नाही मला. तेव्हा खाऊन जा, कारण आठचा कार्यक्रम म्हटला की साडेआठशिवाय सुरू होत नाही. आवाज मोठा असतो, मेडिकलमधून इअरप्लग घ्या, लहान मुलं असतील तर नक्की घ्या. विरार, कल्याण, पनवेलवाल्यांनी लास्ट लोकल बघून दाराजवळची गादी पकडा, मधूनच उठलात तर कुणी काही म्हणत नाही. आणि माणूस लक्षात ठेवा, हॉल नाही. चला, बातम्यांची वेळ झाली.