क्लच प्लेट बदलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या दारात जुनी क्वालिस, सुमो किंवा स्कॉर्पिओ आजही उभी आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. या गाड्यांचा क्लच मारुती ८०० सारखा केबलवर चालत नाही, तेलावर चालतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते नळीतून गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातं आणि तिथून क्लच सुटतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. तेल दाबून आकसत नाही, हवा मात्र आकसते. म्हणून नळीत बुडबुडा शिरला की पेडल तळाला टेकतं, पण क्लच अर्धाच सुटतो.

अशी गाडी गॅरेजला नेली की पुष्कळदा पहिलंच वाक्य कानावर येतं, "साहेब, प्लेट गेली." म्हणजे क्लचमधली घर्षणाची चकती झिजली. गिअरबॉक्स उतरतो, नवा क्लच सेट बसतो, हजारोंचं बिल होतं, आणि घरी येऊन रिव्हर्स टाकावा तर तोच खर्रकन आवाज! याची मला मनापासून चीड येते. कारण बहुतेक वेळा दोष कुठे आहे, हे गिअरबॉक्सला हात न लावता कळतं.

आधी लक्षण नीट ओळखा. चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिनचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो. हा घसरणारा क्लच. पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, रिव्हर्स खरवडतो, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभी केलेली गाडी पुढे सरकू पाहते. हा न सुटणारा क्लच. घसरतो तेव्हा प्लेटवर संशय घेणं रास्त आहे. सुटत नसेल, तर आधी तेलाकडे बघा.

बॉनेट उघडून तेलाची डबी पाहा. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेकच्या डबीतली पातळी आपोआप थोडी उतरते, त्यात काही बिघाड नसतो. क्लचचं उलट आहे. प्लेट झिजत जाते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं बाहेर सरकतात, स्लेव्हचा पिस्टन मागे रेटला जातो आणि तेल किंचित वरच चढतं. म्हणून क्लचची वेगळी डबी असेल आणि तिच्यातलं तेल उतरलं असेल, तर ते कुठेतरी गळतंय, हे नक्की समजा. नुसती भर घालून बॉनेट लावू नका.

गळती शोधायला टॉर्च पुरे. ड्रायव्हरच्या पायापाशी वाका, पेडलचा दांडा जिथे इंजिनच्या बाजूला जातो तिथे बोट फिरवा. बोट ओलं झालं तर मास्टर गळतोय. मग गाडीखाली स्लेव्हचं रबरी बूट थोडं मागे सारा. आतून काळपट तेल ओघळलं तर स्लेव्हचं वॉशर, म्हणजे आतलं तेल अडवणारं रबर, गेलं. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या घुमटात, रिलीज बेअरिंगबरोबरच (क्लचची बोटं दाबणाऱ्या बेअरिंगबरोबर) असतो. तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि उतरवलाच आहे तर प्लेटही तपासून घ्यावी.

बाहेर एक थेंबही नसेल तर? पेडल चार-पाच वेळा पटापट मारा. ते कडक होऊन गिअर सहज पडला तर बहुधा आत हवा आहे. दुसरी परीक्षा: पेडल एका जागी दाबून धरा. पायाखाली ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टरचं वॉशर आतल्या आत तेल परत सोडतंय. यातलं काहीच नसेल तर सोबत्याला पेडल दाबायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा बघा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड. दांडा पुरेसा सरकतोय, तरी क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे. वाकलेला फोर्क (स्लेव्हचा जोर बेअरिंगपर्यंत नेणारा दांडा) असेल, नाहीतर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत गंजून चिकटलेली प्लेट.

क्लच घसरत असेल तरी एक गोष्ट करून पाहावी. स्लेव्हचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, क्षणभर सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि लगेच क्लच पकडू लागला, तर प्लेट ठीक आहे. मास्टरच्या दांड्याला मोकळीक नाही किंवा रबरी नळी आतून सुजली आहे, त्यामुळे दाब अडकून राहतो.

तेल कंपनीने सांगितलेलंच घाला, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून उघडी पडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरं फुगून सगळी यंत्रणा बाद होते. रंगावर सांडलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

हवा काढताना क्रम पाळा: पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचं, निपल बंद करायचं, आणि मगच पेडल सोडायचं. मध्ये डबी रिकामी होऊ देऊ नका. एवढं करूनही आठवडाभरात पेडल पुन्हा मऊ पडलं, तर परत परत हवा काढण्यात अर्थ नाही. हवा जिथून शिरते तो सिलिंडरच बदला. आणि मेकॅनिककडून काढलेला जुना सिलिंडर मागून घ्या, त्याचं वॉशर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.